कोल्हापुरात तीन महिने मुक्काम : गाव गावातल्या माणसासारखं कसं फिरावं?

सिद्धेश्वर_पेठ

नमस्कार मंडळी. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून कामानिमित्त कोल्हापूरला येणाऱ्या सोलापूरकरांत माझी भर पडते आहे. मुक्काम १ नोव्हेंबर ते जानेवारीअखेर. खोली शाहूपुरी किंवा राजारामपुरीत मिळेल असं दिसतंय. गाडी नाही, पायी चालायची सवय आहे, रविवार पूर्ण मोकळा आणि रोज संध्याकाळी सहानंतर वेळ.

अंबाबाई, रंकाळा, न्यू पॅलेस, जोतिबा, पन्हाळा ही यादी हाताशी आहे, ती होईलच. विचारायचंय ते वेगळं. तिथली माणसं आपलं गाव कसं वापरतात? पत्ता कसा सांगतात, सकाळी कुठे जातात, कुठल्या वारी काय खातात? तालमीत किंवा फुटबॉलला बाहेरच्या माणसाने गेलेलं चालतं का? जमेल तेवढं नेमकं सांगा, वेळा आणि रस्त्यांसकट.

---

खरी_कॉर्नर

आधी पत्ता वाचायला शिका, निम्मं गाव तिथेच उलगडेल.

जुनं कोल्हापूर म्हणजे वेशींच्या आतलं. वेशी पडल्या, नावं राहिली: गंगावेश, रंकाळा वेश, वरुणतीर्थ वेश. तीन रस्ते जिथे मिळतात ती तिकटी. मिरजकर तिकटी, माळकर तिकटी, पापाची तिकटी. रिक्षात बसून ‘पापाची तिकटी’ एवढंच म्हणायचं, पुढे काही जोडावं लागत नाही. शाहूपुरी आणि राजारामपुरी या नंतर आखून वसवलेल्या वसाहती, म्हणून तिथे गल्ल्यांना क्रमांक आहेत. ‘राजारामपुरी पाचवी गल्ली’ हा पुरेसा पत्ता झाला. घराच्या कागदावर ए, बी, सी, डी, ई असा वॉर्ड लिहिलेला असेल; तो कागदासाठी ठेवा. रस्त्यावर विचारताना पेठ सांगा आणि जवळची तालीम सांगा. शिवाजी पेठ किंवा मंगळवार पेठ एवढी मोठी आहे की नुसत्या पेठेच्या नावावर माणूस तासभर फिरत राहतो. तालमीचं नाव घेतलं की पानटपरीवाला थेट दारापर्यंत सांगतो.

या नावांत पाणीही दडलंय. कपिलतीर्थ आज भाजीची मंडई आहे आणि वरुणतीर्थाच्या जागी गांधी मैदान. दोन्ही तळी होती, बुजवली. पावसाळ्यात गांधी मैदानाचं तळं का होतं याचं उत्तर यातच आहे. तीर्थ, वेश, तिकटी, तालीम हे चार शब्द कानाला सरावले की गावाचा नकाशा डोक्यात बसायला लागतो.

आता पहिल्या रविवारचा रस्ता. सकाळी साडेसहाला शाहूपुरीतून निघा. लक्ष्मीपुरीतून जा, कारण रविवारी तिथे आठवड्याचा बाजार भरतो आणि त्या वेळी विक्रेते नुकते माल लावत असतात. तिथून बिंदू चौक. चौकात महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे आहेत, १९५० साली बसवलेले, म्हणजे बाबासाहेब हयात असतानाचे. त्यापुढे थोडंसं थांबा, बरेच लोक मंदिराच्या घाईत न बघता निघून जातात. मग भवानी मंडप, आणि तिथून अंबाबाईच्या मंदिरात पूर्वेकडून शिरून पश्चिमेच्या महाद्वारातून बाहेर. रविवारी गाभाऱ्याची रांग लांब असते. गावातला माणूस रोजच्या वाटेवर मुखदर्शन घेतो, प्रदक्षिणा करतो आणि पुढे जातो, तुम्हीही तसंच करा. गाभाऱ्याचं दर्शन कामाच्या दिवशी सकाळी लवकर, मंगळवार-शुक्रवार टाळून.

महाद्वारातून बाहेर पडल्यावर डावीकडे बिनखांबी गणेश मंदिर, उजवीकडे पापाची तिकटी. उजवीकडे वळा, गंगावेश गाठा, आणि तिथून शुक्रवार पेठेतून सरळ पंचगंगेच्या घाटावर. गंगावेशेपासून पंधरा मिनिटांची चाल. घाटावर अर्धा तास तरी बसा. घाटाला लागूनच ब्रह्मपुरीची टेकडी आहे. १९४० च्या दशकातल्या उत्खननांत तिथे सातवाहनकालीन वस्ती सापडली, आणि त्यात रोमन व्यापारातून आलेली समुद्रदेव पोसायडनची लहानशी ब्राँझची मूर्तीही. आधी टेकडी बघायची आणि मग त्याच वस्तू टाउन हॉलच्या संग्रहालयात, हा क्रम महत्त्वाचा. उलटं केलं तर संग्रहालयातल्या काचेच्या पेट्या मुक्या वाटतात. संग्रहालय सोमवारी बंद असतं आणि साडेदहाच्या आधी उघडत नाही. म्हणून घाटावरून तोरस्कर चौकातून वर येताना नाष्टा उरका.

टाउन हॉलहून दसरा चौक पाच मिनिटांवर. चौकाच्या आसपास वेगवेगळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी शाहू महाराजांच्या काळात उभी राहिलेली वसतिगृहं आहेत. सुरुवात १९०१ च्या मराठा बोर्डिंगपासून झाली. जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग या पाट्या वाचत चौकाला एक फेरी मारा. राजवाडा बघून शाहू महाराज जेवढे कळतात त्याहून जास्त इथे कळतात. तिथून शाहूपुरी परत. थांबत थांबत सगळं पाच-साडेपाच तासांत होतं.

बसबद्दल थोडक्यात: केएमटीच्या पाटीवर शेवटचा थांबा असतो, बस कुठल्या मार्गाने जाते ते चढण्याआधी कंडक्टरला विचारा. शहराबाहेरच्या गावांना वडाप चालतं, गाडी भरली की सुटते. रिक्षात बसण्याआधी भाडं ठरवून घ्या. जुन्या पेठांत मात्र पायांसारखं वाहन नाही, संध्याकाळी महाद्वार रोडवर रिक्षा माणसापेक्षा हळू जाते.

---

अळणी_रस्सा

वरच्या रस्त्यात नाष्ट्याची जागा सोडलीय, ती भरतो.

मिसळ ही इथे सकाळची गोष्ट. सात-साडेसातला सुरू, आणि चांगल्या ठिकाणी दुपारी एकच्या आत कट संपतो. टाउन हॉलच्या बाजूने येताय तर भाऊसिंगजी रोडवरची बावडा मिसळ वाटेत आहे. उद्यमनगरातली फडतरे वेगळ्या दिवशी धरा. रविवारी नऊनंतर तिथे बाहेरगावच्या गाड्यांची रांग असते, कामाच्या दिवशी सकाळी आठच्या आत जागा लगेच मिळते.

कोल्हापुरी मिसळीबरोबर पाव येत नाही, ब्रेडचे जाड स्लाइस येतात. त्याला कारण आहे: कट पातळ असतो आणि स्लाइस तो शोषून घेऊनही हातात टिकतो. कटाचा रंग बघून घाबरू नका. वर तरंगतो तो कांदा-लसूण चटणीतून सुटलेला तेलाचा तवंग, त्यात रंग जास्त आणि तिखट त्यामानाने कमी. चूक होते ती अशी की लोक सगळा कट पहिल्यांदाच ओतून घेतात, फरसाण मऊ पडतं आणि खाली मटकी तशीच राहते. थोडा कट, चार घास, पुन्हा थोडा कट. कट पुन्हा मागितला तर बहुतेक ठिकाणी मिळतो, जादा ब्रेडचे पैसे वेगळे. आणि कटवडा नावाची चीज विसरू नका, मिसळीपेक्षा हलकी पडते.

मटणाचं गणित वाराचं आहे. बुधवार, शुक्रवार, रविवार हे खाण्याचे वार. सोमवार, गुरुवार, शनिवार घराघरांत पाळले जातात. खानावळी त्या दिवशीही उघड्या असतात, पण ताजा माल आणि ताजी उकड हवी असेल तर बुधवार किंवा रविवार दुपार. सव्वाबारा-साडेबाराला पोचा. दोननंतर रस्सा तळाला लागलेला असतो आणि त्यात पाणी वाढवलेलं जिभेला कळतं.

ताट समोर आलं की आधी पांढरा रस्सा प्यायचा, गरम असतानाच. तांबडा आणि पांढरा, दोघांचाही पाया एकच: हळद-मीठ-आलं-लसूण लावून शिजवलेल्या मटणाचं पाणी, ज्याला इथे अळणी म्हणतात. पांढऱ्यात नारळाचं दूध, खसखस-तीळ किंवा काजूचं वाटण आणि अख्खा गरम मसाला. तांबड्यात चटणी आणि भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण. नारळाचं दूध घातल्यावर खळखळून उकळी आली की पांढरा फुटतो, वर दाणेदार साय दिसते. तशी दिसली तर स्वयंपाकी घाईत होता असं समजा. आणि पांढरा दाट असेल, चमच्याला चिकटत असेल, तर ती खानावळ पाहुण्यांसाठी चालते आहे. खरा पांढरा पातळ असतो, वाटीने पिता येईल इतका. हे मत ठाम आहे.

दोन्ही रस्से पुन्हा वाढतात, त्यामुळे सुक्क्याबरोबर भाकरी खाताना रस्सा जपून वापरायची गरज नाही. भातावर तांबडा, शेवटी पुन्हा एक वाटी पांढरा.

संध्याकाळी खासबागेच्या बाजूला भेळ. भेळ घेऊन मैदानाच्या कडेला उभं राहून खायची, पार्सल केली की दहा मिनिटांत चुरमुरे नरम पडतात.

---

गंगावेश_सहा_वाजता

वर कुणी दूध कट्ट्याचं नाव घेतलं नाही याचं आश्चर्य वाटलं. गंगावेशेत म्हशी रस्त्याच्या कडेला आणून बांधतात आणि गिऱ्हाईकासमोर धार काढून पेल्यात देतात. पहाटे आणि संध्याकाळी. तालमीतून घाम गाळून आलेली मुलं, दुकान बंद करून घरी निघालेले लोक, किटली घेऊन आलेल्या बायका, अशी सगळी पेठ तिथे भेटते. बोलायला माणूस हवा असेल तर गावात याहून चांगली जागा नाही.

पद्धत अशी: पेला भरला की लगेच उचलू नका, वरचा फेस निम्मा असतो. मिनिटभर थांबून तो बसला की दूधवाला वर पुन्हा धार मारतो. सवय नसेल तर पहिल्या दिवशी अर्धा पेलाच घ्या. म्हशीचं स्निग्ध दूध रिकाम्या पोटाला जड पडतं. आणि हे न उकळलेलं दूध आहे हे विसरू नका. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार पसरू शकतात. लहान मुलं, गरोदर बायका आणि आजारातून उठलेल्यांनी ते तिथे पिऊ नये. किटलीत घ्यावं, घरी नेऊन उकळावं. चव उकळल्यावरही कळते.

---

लाल_माती

तालमीत बाहेरच्याने गेलेलं चालतं. रीत मात्र पाळावी लागते.

पहिलं म्हणजे ‘तालीम’ या शब्दाचे इथे दोन अर्थ. एक कुस्तीचा आखाडा. दुसरा पेठेचं मंडळ, जे गणपती बसवतं, फुटबॉलचा संघ उतरवतं, महापुरात होड्या काढतं आणि कुणी गेलं तर कोपऱ्यावरच्या फळ्यावर खडूने लिहितं. दुसऱ्या प्रकारच्या कित्येक तालमींत आज कुस्ती होत नाही. कुस्ती बघायची असेल तर गंगावेश, शाहूपुरी, मोतीबाग अशी थेट नावं घ्या. तुमची खोली शाहूपुरीत मिळाली तर शाहूपुरी तालीम जवळच आहे.

सराव दोनदा होतो. पहाटे साडेचारच्या सुमारास आणि दुपारी चारनंतर. पहाटेचा बघा. आधी पोरं हौदा, म्हणजे कुस्तीचा मातीचा खड्डा, खणतात, माती उलटीपालटी करतात, ढेकळं फोडतात. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर मिसळलेला असतो. तेल-ताकाने माती मऊ आणि किंचित ओलसर राहते, पाठीवर आपटलं तरी लागत नाही. हळद-लिंबू खरचटलेल्या कातडीसाठी. माती कोरडी पडली की धूळ छातीत जाते, फार ओली झाली की पकड सुटते. म्हणून वस्ताद आधी मूठभर माती दाबून बघतात.

चपला दाराबाहेर. आत गेल्यावर आधी वस्तादांना नमस्कार करून बघायला आलोय असं सांगा, मग भिंतीकडेला बसा. हौद्याच्या काठावर पाय ठेवायचा नाही आणि आत तर मुळीच नाही, ती माती पूजेची आहे. विचारल्याशिवाय फोटो काढू नका, पोरं लंगोटावर असतात. जोड सुटेपर्यंत मध्येच उठून जाऊ नये. बरोबर महिला असतील तर आदल्या दिवशी जाऊन विचारा. प्रत्येक तालमीची पद्धत निराळी आहे.

खासबागेचं मैदान शाहू महाराजांनी बांधून घेतलं, १९१२ साली सुरू झालं. युरोपच्या दौऱ्यात रोमचा कोलोसियम बघून आल्यावर सुचलेलं हे मैदान आहे. रिकामं असतानाही आत जा आणि सगळ्यात वरच्या कडेला बसा. मध्यभागचा हौदा तिथूनही आडकाठीशिवाय दिसतो, उतार तसा दिलाय. खरी कुस्ती बघायची तर दिवाळीनंतर मैदानांचे फलक चौकाचौकांत लागायला लागतात, गावोगावच्या जत्रांची मैदानंही त्यात असतात. शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह १९१५ चं; ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळालं. या गावाला ते किती लागलं हे कुठल्याही रिक्षावाल्याला विचारा.

फुटबॉल. तुमचे महिने अगदी योग्य आहेत, हंगाम हिवाळ्यात सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. सामने शाहू स्टेडियमवर, तिकीट दारात. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, फुलेवाडी ही नावं आठवडाभर ऐकत राहाल. बसण्याआधी शेजारच्याला विचारा, ‘ही बाजू कुणाची?’ समर्थक आपापल्या भागात बसतात, आणि चुकीच्या भागात चुकीच्या गोलवर टाळी वाजली तर वातावरण तापतं. सुरुवातीला साधा एकरंगी शर्ट घाला, तोही कुठल्या संघाच्या रंगाचा नाही ना हे चहावाल्याला विचारून. पाटाकडील विरुद्ध शिवाजी अशा सामन्याला पहिल्यांदाच जाऊ नका. मधल्या फळीतल्या दोन संघांचा सामना आधी बघा. खेळ नीट दिसतो आणि शेजारचा म्हातारा तुम्हाला तीन पिढ्यांचे खेळाडू सांगतो. सामना संपल्यावर घोळका ओसरेपर्यंत दहा मिनिटं आत बसून राहा.

---

सिद्धेश्वर_पेठ

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. आणखी दोन गोष्टी. नोव्हेंबर ते जानेवारी एवढ्याच काळात बघायला मिळेल असं काय? आणि कोल्हापुरी चप्पल घ्यायची आहे, ती कशी पारखावी?

---

काहिलीची_धग

नोव्हेंबर ते जानेवारी म्हणजे गुऱ्हाळाचा भर. दिवाळी पाडव्याला मार्केट यार्डात गुळाचे मुहूर्ताचे सौदे निघतात आणि मग फेब्रुवारीपर्यंत गुऱ्हाळं धडधडत असतात. शिवाजी पूल ओलांडून वडणग्याच्या बाजूला निघालं की धुराडी आणि वास, दोन्ही वाट दाखवतात. वडापने वीस मिनिटांत पोचाल.

सकाळी आठपर्यंत जा. रसाची काहील, म्हणजे मोठी कढई, चढल्यापासून गूळ उतरेपर्यंत अडीच-तीन तास लागतात, त्या एका फेरीला आदण म्हणतात. आदण अर्ध्यावर असताना गेलात तर मजा नाही. रस तापला की भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात, त्याने मळी वर येते आणि ती झाऱ्याने काढत राहतात. चुलीत जळण उसाच्या वाळलेल्या चिपाडांचंच. शेवटची पंधरा मिनिटं गुळव्याची. तो पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळवून बघतो, आणि गोळी जमली की हाक मारतो. तेवढ्यात चार जण काहील उचलून वाफ्यात पालथी करतात. त्या वेळी वाटेत उभं राहू नका, उकळत्या पाण्यापेक्षा तो पाक जास्त भाजतो, कारण अंगाला चिकटून राहतो.

काकवी हवी असेल तर काचेची बाटली किंवा स्टीलचा डबा घरून न्या, प्लास्टिक गरम काकवीने वितळतं. पाक होण्याच्या जरा आधी सांगून ठेवा, गोळी जमल्यावर मागून उपयोग नाही. गुळाच्या ढेपेला इथे रवा म्हणतात; किलोच्या रव्यापासून तीस किलोच्या रव्यापर्यंत. फार पिवळाधमक गूळ दिसला तर सोडा, तो रंग हायड्रॉस या रसायनाने येतो आणि जिभेवर खारटपणा ठेवतो. तपकिरी, फोडल्यावर आत कणी दिसणारा घ्या. वरचा तुकडा चाखून मगच वजन करायला सांगा, कुणी रागवत नाही.

दुसरं, कार्तिकातली त्रिपुरी पौर्णिमा. पंचगंगा घाटावर पहाटे, अंधारातच, पणत्या लागतात. साडेचारला घाटावर असा. सातला गेलात तर विझलेल्या वाती दिसतील. तेल आणि वाती बरोबर नेल्यात तर कुणीही तुम्हाला रांगेतली जागा देईल, दिवे लावायला हात कमीच पडतात.

तिसरं, अंबाबाईचा किरणोत्सव. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. मूर्ती पश्चिमाभिमुख आहे. मावळतीचे किरण महाद्वारातून आत येत पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर पडतात. त्या वेळी गाभाऱ्यातले दिवे मालवतात. ढग, हवेतली वाफ आणि पश्चिमेकडची बांधकामं यामुळे किरण दरवर्षी सारखे पोचत नाहीत, पायांपाशीच विरले असंही होतं. सूर्यास्ताच्या किमान तासभर आधी पोचा, आणि उंबऱ्याजवळ घुसायचा हट्ट न धरता पडद्यावर बघा. सगळं देऊळ श्वास रोखून उभं असतं, त्यात असणं महत्त्वाचं. एरवीही शुक्रवारी रात्री साडेनऊच्या सुमारास देवीची पालखी निघते, ती तर तुम्हाला बारा-तेरा वेळा मिळेल.

---

अंगठा_आणि_कान

चपलेचं सांगतो. शिवाजी चौकाजवळच्या चप्पल लाइनीत जा, पण पहिल्या फेरीत घेऊ नका, फक्त हातात घेऊन बघा.

अस्सल चप्पल बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेल्या कातड्याची असते. वास घ्या: झाडासारखा, किंचित कडसर वास येईल. रसायनाचा उग्र वास आला तर ठेवून द्या. कडा बघा. तळ थरांचा असतो आणि थर कातडी वादीने शिवलेले असतात, खिळा नाही. दाबून दोन्ही बाजूंनी वाकवा. पुठ्ठा भरलेला असेल तर मध्ये सुरकुती पडते आणि करकरीत आवाज येतो. हा आवाज वेगळा, आणि तळाच्या थरांत ‘विंचू’ नावाचा आवाज काढणारा भाग घालून चालताना मुद्दाम काढलेली करकर वेगळी. दोन्ही बाजूंचे कान, म्हणजे पट्टा ज्यात अडकतो त्या पाकळ्या, तळाच्या थरातूनच निघालेल्या हव्यात. वरून चिकटवलेले कान पहिल्या पावसात सुटतात.

माप घेताना पायाला जराशी घट्टच घ्या, पट्टा आठवडाभरात सैल होतो. लांबी मात्र वाढत नाही, टाच बाहेर राहता कामा नये. संध्याकाळी घ्या, दिवसभर चालून पाय थोडा सुजलेला असतो. घरी आणून पट्टा, अंगठा आणि कान यांना आतून-बाहेरून एरंडेल किंवा खोबरेल लावून रात्रभर ठेवा, असं तीन रात्री. पहिल्या दिवशी अर्धा तास, मग तास, असं वाढवत घाला. थेट दिवसभर घातली तर अंगठ्याच्या बेचक्यात फोड येतो आणि चप्पल कपाटात जाऊन पडते. भिजली तर सावलीत वाळवा. उन्हात किंवा हीटरजवळ कातडं तडकतं.

या चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे मिळून. त्यामुळे दुकानदाराने ‘ही अथणीची’ असं सांगितलं तर नकली समजू नका, तिथले कारागीर उत्तम काम करतात.

---

जूनमध्ये_येतेय

धागा वाचून ठेवला. माझी बदली जूनमध्ये आहे. पावसाळ्यात यातलं काय होतं, काय नाही?

---

सुतारवाडा_४३_फूट

ताई, पावसाळ्याचं कोल्हापूर वेगळं, आणि खोली घेण्याआधी हे वाचा.

जुलै-ऑगस्टमध्ये गावात एकच आकडा फिरतो: राजाराम बंधाऱ्याची पातळी. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. चहाच्या टपरीवर ‘किती झालं?’ असं कुणी विचारलं तर हाच आकडा विचारतोय. ३९ ओलांडलं की नदीकाठचे लोक सामान वर चढवायला लागतात. दसरा चौकाजवळचा सुतारवाडा पहिल्यांदा हलवावा लागतो. शुक्रवार पेठेचा घाटाकडचा भाग, बापट कॅम्प, जयंती नाल्याच्या कडेची शाहूपुरीतली कुंभार गल्ली, नागाळा पार्कचा सखल भाग, इथे २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी शिरलं होतं. घरमालकाला नुसतं ‘पाणी येतं का’ विचारू नका. ‘२०१९ ला कुठपर्यंत आलं होतं’ असं विचारा, आणि भिंतीवर खूण दाखवायला सांगा. शेजारच्या दुकानदारालाही विचारून खात्री करा. राजारामपुरी उंचावर आहे, पुराची चिंता नाही. पण तिथून स्टँडकडे यायचा परीख पुलाखालचा रस्ता तासाभराच्या मुसळधार पावसात तुंबतो. अशा दिवशी वळसा घालून यावं लागतं, अर्धा तास हाताशी ठेवून निघा.

पन्हाळ्याला जायचं असेल तर पाणी वाढायच्या आधी जा, केर्लीजवळ रस्त्यावर पाणी आलं की रत्नागिरीकडची वाहतूक थांबते. घाटावर पूर बघायला सगळं गाव लोटतं. पायऱ्यांवर उतरू नका, पोलिसांच्या दोरीबाहेरून बघा.

आषाढात मात्र नक्की गावात असा. मंगळवारी आणि शुक्रवारी गल्लोगल्लीचे लोक पंचगंगेचं नवं पाणी घागरीत भरून वाजतगाजत टेंबलाई देवीला नेतात, पुढे पी-ढबाक वाद्य असतं. मग गल्लीत जत्रा, मटणाचं जेवण. ओळखीच्या घरी बोलावणं आलं तर नाही म्हणू नका, आणि जाताना हातात नारळ असू द्या. श्रावण लागला की हेच घर महिनाभर शाकाहारी होतं, तेव्हा वर सांगितलेल्या खानावळींची वारी त्याआधी उरका.

छत्रीपेक्षा रेनकोट घ्या, महाद्वार रोडच्या गर्दीत छत्री उघडता येत नाही. आणि कातडी चप्पल जूनमध्ये विकत घेतलीत तरी दसऱ्यापर्यंत पायात घालू नका. तेल लावून वर्तमानपत्रात गुंडाळून वर ठेवून द्या.